भाऊसाहेब, आली का?

आमच्या तालुक्यात ‘आली का?’ हा प्रश्न तीनच बाबतींत विचारला जातो : एसटी, लाईट आणि स्कॉलरशिप. एसटी उशिरा येते, पण येताना दिसते. लाईट आली की अख्ख्या गल्लीतली पोरं एकदम ओरडतात, त्यामुळे बहिऱ्यालाही कळतं. स्कॉलरशिप मात्र कुठून निघते, वाटेत कुठं मुक्काम करते आणि शेवटी कुणाच्या खात्यावर जाऊन बसते, याचा काही म्हणजे काही पत्ता लागत नाही. म्हणून तिच्यासाठी प्रत्येक कॉलेजात एक माणूस नेमलेला असतो. त्यानं सकाळी साडेदहाला खिडकी उघडायची आणि संध्याकाळी साडेपाचपर्यंत ‘नाही आली’ असं सांगत बसायचं. एकतीस वर्षं तो माणूस मी होतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो. निरोपसमारंभात प्राचार्य म्हणाले, ‘यांनी हजारो विद्यार्थ्यांच्या आयुष्याला वळण दिलं.’ मागच्या रांगेतून एक माजी विद्यार्थी पुटपुटला, ‘वळण कसलं, हेलपाटे दिले.’

आमच्याकडं कॉलेजच्या क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात. शिकवणारे ते सर, शिपाई तो मामा आणि लिहिणारा तो भाऊसाहेब, अशी वाटणी आहे. सगळा तालुका मला भाऊसाहेब म्हणतो, एक बायको सोडून. ती ‘अहो’ म्हणते. पण अनुदानित कॉलेजचा पगारही शासनाकडूनच येतो, त्यामुळे महिन्याची पहिली तारीख उलटून गेली की तीही चहाचा कप पुढं करत विचारायची, ‘आला का?’ दिवसभर मी पोरांना जे उत्तर द्यायचो, तेच संध्याकाळी घरी द्यायचो. फक्त लिंग बदलायचं.

मी चिकटलो तेव्हा सगळं कागदावर होतं. अर्ज दोन प्रतींत, दाखले तीन प्रतींत आणि त्यावर सही-शिक्का राजपत्रित अधिकाऱ्याचा. हा राजपत्रित अधिकारी तालुक्यात फार दुर्मीळ प्राणी. आमच्याकडं ते पशुवैद्यकीय अधिकारी होते. त्यामुळे चार पिढ्यांच्या मार्कलिस्टांवर गुरांच्या डॉक्टरांची सही आहे. एका हातानं ते म्हशीला इंजेक्शन देत आणि दुसऱ्या हातानं ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारत. दोन्हीकडं चूक झाल्याचं कधी ऐकलं नाही.

अर्जात ‘पालकाचा व्यवसाय’ आणि ‘वार्षिक उत्पन्न’ असे दोन रकाने असायचे. एका पोरानं पहिल्यात लिहिलं होतं ‘शेती’ आणि दुसऱ्यात ‘पावसावर’. मी खोडायला लावलं. आता वाटतं, एवढं खरं उत्तर नंतर कुणी दिलं नाही.

या उत्पन्नाची गोष्ट जुनी आहे. माझ्या आधीचे हेडक्लार्क यशवंतराव चव्हाणांच्या वेळचं सांगायचे. यशवंतराव मुख्यमंत्री होते तेव्हा आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या पोरांना फी माफ झाली. त्यालाच लोक ‘ईबीसी’ म्हणू लागले. मर्यादा होती वर्षाला १२०० रुपयांची. खेड्यातली पोरं पहिल्यांदा धोतराचा सोगा सोडून कॉलेजच्या फाटकातून आत आली ती या सवलतीमुळे, असं हेडक्लार्क सांगायचे आणि त्यांचे डोळे भरून यायचे. मग डोळे पुसून पुढचं वाक्य म्हणायचे, ‘आणि त्या वर्षी तालुक्यातल्या निम्म्या बापांचं उत्पन्न अकराशे नव्व्याण्णव निघालं.’

आजही तसंच आहे, फक्त शून्यं वाढली. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मर्यादा २.५ लाखांची, राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं असलेल्या शुल्क योजनेला ८ लाखांची. एखादा बागायतदार बघावा. बंगल्यात ताठ चालतो, मार्केट यार्डात ताठ चालतो, पण त्याचं उत्पन्न तहसील कचेरीच्या दारातून आत शिरताना असं वाकून शिरतं की आठ लाखांची चौकट कपाळाला लागतच नाही. तेच ज्याचं उत्पन्न खरंच साठ-सत्तर हजार, त्याची पंचाईत. कारण वाकायला तो आधी गावात तर पाहिजे! तलाठ्यापुढं उभं राहायचं त्या दिवशी तो दुसऱ्याच्या रानात असतो. गरीब असायला काही लागत नाही. गरीब असल्याचा दाखला काढायला मात्र तीन दिवसांची मजुरी बुडवण्याइतकी ऐपत लागते.

आता एवढं करून मिळतं काय, ते सांगतो. घरून ये-जा करणाऱ्या बी.ए.च्या मुलाला अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत २०१० च्या दरानं निर्वाह भत्ता होता महिना ३०० रुपये. दिवसाला दहा. म्हणजे एक चहा, तोही कॅन्टीनवाल्यानं पोरगं ओळखून कटिंग दिला तर. मग २०२१ साली दर सुधारले. पोरं आनंदानं खिडकीवर आली. सुधारलेला दर होता वर्षाला ३००० रुपये. मी कागद घेऊन गणिताच्या सरांकडं गेलो. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, ‘कॉलेजचं वर्ष दहा महिन्यांचं धरलं तर हे तेवढेच आहेत. बारा महिन्यांचं धरलं तर कमी आहेत.’ मी म्हटलं, ‘मग सुधारलं काय?’ सर म्हणाले, ‘भागाकार.’

पण भत्त्यावरून योजनेला हसणं बरं नाही. खरा आधार फीचा. ती माफ होते म्हणून पोरगं वर्गात बसतं. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर ‘स्वाधार’ आहे. मुंबई-पुण्यात शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० आणि आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी त्याहून कमी. त्यात कॉट, डबा आणि एसटीचा पास बसतो. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली, तेव्हा तर खिडकीवर बापांची रांग लागली. एक पागोटेवाले मामा पोरीला घेऊन आले. पोरगी बी.ए.ला, मराठी विषय. मी म्हटलं, ‘मामा, हे व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे.’ मामा म्हणाले, ‘मग बरोबर हाय की. मराठी घेऊन नोकरी तर लागत नाही, व्यवसायच करावा लागंल.’ मी एकतीस वर्षांत अनेक शासन निर्णय वाचले. इतकं नेमकं स्पष्टीकरण एकातही नव्हतं.

तर योजना चांगल्या आहेत. हेतू चांगले आहेत. नावं तर इतकी मोठ्या माणसांची आहेत की अर्ज भरताना चप्पल काढावीशी वाटते. प्रश्न एकच, आणि तो पोरं बरोबर विचारतात : आली का?

कागदाच्या काळात गठ्ठे बांधून, सुतळीच्या गाठी मारून मी ते एसटीनं जिल्ह्याला न्यायचो. तिथं टेबलावर गठ्ठा ठेवला की साहेब न सोडताच सांगायचे, ‘यात त्रुटी आहेत.’ मला सुरुवातीला वाटायचं, यांना अंतर्ज्ञान आहे. पुढं कळलं, त्रुटी गठ्ठ्यात नसते, मार्च महिन्यात असते. बजेट संपलं की अर्जात त्रुटी सापडते.

मग सगळं ऑनलाईन झालं. आम्हाला सांगितलं, आता खिडकी गेली, मधला माणूस गेला, पैसे थेट खात्यात. मी घाबरलो. घरी येऊन म्हटलं, ‘अगं, माझं काम गेलं बहुतेक.’ बायको म्हणाली, ‘तुम्ही “नाही आली” एवढंच तर सांगता, ते यंत्राला जमेल का?’ यंत्राला जमलं नाही. यंत्र ‘नाही आली’ असं सरळ कधीच सांगत नाही. ते सांगतं, ‘अंडर स्क्रूटिनी’. एका पोराची आजी हे ऐकून काळजीत पडली. कॉलेजात आली, खिडकीला धरून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘भाऊसाहेब, नातवाला अंडर स्क्रुटनी झालीय म्हणतो. बरं होईल ना पोरगं?’ मी म्हटलं, ‘होईल आजी, वेळ लागेल.’ आजी म्हणाली, ‘पथ्यपाणी काय?’ मी म्हटलं, ‘आधार लिंक.’

अर्ज भरायला तालुक्यात नवा वैद्य तयार झाला, कॅफेवाला. एसटी स्टँडसमोर टपरी, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक वही. त्या वहीत चारशे पोरांचे पासवर्ड. खरं तर पासवर्ड एकच, गावाचं नाव पुढं आणि १२३ मागं. फोटो २५६ केबीच्या आत बसवायचा म्हणून तो दाबत दाबत इतका बारीक करतो की पोरगं स्वतःला ओळखत नाही. पण पोर्टल ओळखतं. पोर्टल मात्र नाव ओळखत नाही. मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, बँकेत मधलं नाव गाळलेलं आणि जातीच्या दाखल्यावर आजोबांच्या नावाची वेलांटी ऱ्हस्व. अर्ज परत. शेरा : ‘नावात तफावत.’ आमच्या मराठीच्या सरांनी ऱ्हस्व-दीर्घासाठी आयुष्यभर मार्क कापले, पण पोरं सुधारली नाहीत. या पोर्टलनं दोन वर्षांत सगळ्या तालुक्याचं शुद्धलेखन सुधारलं.

खात्याचं वेगळंच. पोरगं म्हणतं, ‘माझं आधार बँकेत लिंक आहे.’ बँक म्हणते, आहे. तरी पैसे दिसत नाहीत. कारण खात्याला आधार जोडणं वेगळं आणि अनुदानासाठी आधार कोणत्या बँकेकडं बोट दाखवतंय ते वेगळं. बोट दाखवायचं ते सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्याकडं. एकाची शिष्यवृत्ती दोन वर्षं सापडेना. शेवटी सापडली ती मोबाईलच्या दुकानात सिमकार्ड घेताना अंगठा लावला होता, तेव्हा न सांगता उघडलेल्या खात्यात. त्या पोराला आपण खातेदार आहोत हे त्या दिवशी समजलं. लॉटरी लागल्यासारखं नाचलं, स्वतःच्याच पैशांसाठी.

पण सगळ्यात मोठी गंमत ओटीपीची. पाथर्डीकडचा एक मुलगा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता. आई-बाप ऊसतोडीला. दसऱ्यानंतर तिकडची गावं निम्मी रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी मोजणी. पोराचं आधार ज्या मोबाईलला जोडलेलं, तो मोबाईल बापाचा. बाप फडात, कोल्हापूरच्या बाजूला. अर्जाला दोन दिवस उरलेले. पोरगं माझ्यासमोर बसून फोन लावत होतं.

‘आबा, मेसेज आलाय का?’

‘आरं मोळी हाय डोक्यावर. कसला मेसेज?’

‘सहा आकडी नंबर आहे त्यात. वाचून सांगा.’

‘मला येतंय व्हय वाचाया? आन् मोळी खाली करून मग मुकादमाकडं जातो.’

‘आबा, दहा मिनिटंच टिकतो तो.’

‘दहा मिनिटांत तर तोडलेला ऊस बी वाळत नाही. ह्यो कसला नंबर?’

पहिला नंबर वाळला. दुसरा मागवला. या वेळी मुकादम जवळच होता. मुकादमाला आकडे वाचता येतात, पण पैशांचे. त्यानं मेसेज डोळ्यांपुढं धरला आणि खणखणीत आवाजात वाचला, ‘चार लाख एकोणीस हजार सातशे तीन.’ फोनवर एकदम शांतता. मग बापाचा आवाज आला, बारीक झालेला, ‘पोरा, येवढे भरायचे हायेत?’ पोरगं ओरडलं, ‘आबा, भरायचे नाहीत, तो नंबर आहे!’ मागून मुकादम म्हणत होता, ‘एवढ्यात तर मी चार कोयत्यांची उचल वाटतो.’ हे समजावण्यात दुसराही नंबर वाळला. तिसऱ्याला अर्ज गेला. त्या दिवशी त्या बापाच्या किती मोळ्या बुडाल्या, ते पोर्टलवरच्या कुठल्याच रकान्यात भरायचं नव्हतं.

मुलगा गेल्यावर मी बराच वेळ त्या एका शब्दापाशी अडून बसलो. उचल. ऊसतोडीचा हिशोब कसा चालतो ते आमच्याकडं पोराटोरांना ठाऊक आहे. मुकादम दसऱ्याआधी गावात येतो. ‘कोयता लावतो का?’ विचारतो आणि पैसे हातावर ठेवतो. त्या पैशांत घरचं लग्न होतं, दवाखाना होतो, पोराची वह्या-पुस्तकं होतात. काम नंतर. मुकादम संत नाही; त्याच्या उचलीत माणसं जन्मभर फिटता फिटत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण एक गोष्ट त्या अडाणी माणसाला कळलेली आहे. रिकाम्या खिशाचा माणूस घरातून निघूच शकत नाही. म्हणून तो आधी देतो. आणि आपण काय करतो? पोराला सांगतो, तू आधी शीक. खोलीभाडं भर, डबा लाव, पुस्तकं आण, हजेरी पंचाहत्तर टक्के भर, परीक्षा दे, पास हो. मग तू गरीब होतास याबद्दल आम्ही तुला पैसे देऊ.

वरातीमागून घोडं, असं आपण म्हणतो. इथं तर वरात संपून नवरा-नवरीला पोरगं झालं की घोडं येतं. आमच्या कॉलेजात असे कितीतरी आहेत ज्यांची शेवटच्या वर्षाची शिष्यवृत्ती पोलीस भरतीच्या मैदानावर पळताना आली. एक तर सासरी गेलेली मुलगी. माहेरच्या नावाच्या खात्यात पैसे आले आणि बँकेनं विचारलं, नाव का जुळत नाही?

मध्येच आणखी एक उलटापालट झाली. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत आता केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यात फीही असते. मुलानं ती सात दिवसांत कॉलेजला भरायची. कल्पना करा. जन्मात ज्याच्या खात्यात पाचशेच्या वर आकडा दिसला नाही, त्याच्या खात्यात एका सकाळी वीस-पंचवीस हजार! आणि सात दिवस. अलिबाबाची गुहा आठवडाभर उघडी.

झालं असं की खिडकीची दिशाच बदलली. आता ‘आली का?’ हा प्रश्न मी विचारू लागलो. पोरं मला बघून कॅन्टीनच्या मागून जाऊ लागली.

‘काय रे, आली का?’

‘नाही आली, भाऊसाहेब.’

हे उत्तर मी ज्या सुरात एकतीस वर्षं दिलं, त्याच सुरात. आपली विद्या आपल्याच अंगावर आलेली बघून मला राग यायच्या ऐवजी अभिमान वाटला.

बी.सी.एस.चा एक मुलगा होता. विनाअनुदानित कोर्स, फी दांडगी. पैसे आले आणि गायब झाले. मी घरी गेलो. दारात एक नवी शेळी बांधलेली. आई म्हणाली, ‘भाऊसाहेब, पोराला वाटलं सात दिवस हायेत, मला वाटलं शासनानं शेळी दिली.’ मी डोक्याला हात लावला. काय करणार? प्राचार्यांना म्हटलं, मुलाच्या नावापुढं ‘शेळी’ असा शेरा मारून थोडं थांबू. शेळीला दोन करडं झाली. पुढं दोन्ही विकून आणि वर थोडे घालून फी भरली. आई, शेळी आणि पोरगं, तिघंही आपापल्या जागी राहिली. शासनाच्या कुठल्याही योजनेत एवढा परतावा मी पाहिलेला नाही.

आता कुणी म्हणेल, भाऊसाहेब, सरकारी पैसा आहे, तपासायला नको? नको कसं! खोट्या दाखल्यांचे ढीग मी स्वतः पाहिलेत. पण तपासणं आणि थांबवणं यात फरक आहे. गाडीची तपासणी रस्त्याच्या कडेला करतात, गाडी शेडमध्ये बंद करून नाही.

आणि ज्यांची नावं आपण या योजनांना देतो, त्या माणसांनी काय केलं ते बघा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगात पोरांना संध्याकाळी खायला नव्हतं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. त्या माउलीनं पोरांना उत्पन्नाचा दाखला मागितला नाही, कारण त्यांना एक सरकारी गुपित माहीत होतं : भूक चालू आर्थिक वर्षातच लागते.

दुसरी गोष्ट बडोद्याची. सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. मला निवृत्तीनंतर रिकामा वेळ. एका दुपारी मनातल्या मनात मी तो अर्ज आमच्या पोर्टलवर भरायला बसलो. पहिला रकाना, अर्जदाराचं नाव : आंबेडकर. वडिलांचं नाव : रामजी सकपाळ. लाल अक्षरात शेरा : आडनावात तफावत, प्रतिज्ञापत्र जोडा. पुढचा रकाना : वडील हयात आहेत का? वडील फेब्रुवारी १९१३ मध्ये वारलेले. मग उत्पन्नाचा दाखला कुणाच्या नावाचा? मृत्यूचा दाखला जोडा. पुढं : शिक्षणात खंड आहे का? बी.ए. झाल्यावर मध्ये काही काळ गेलेला. गॅप सर्टिफिकेट जोडा. अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी आहे का? शिष्यवृत्ती बडोद्याची, जन्म महूचा, शिक्षण मुंबईचं, प्रवेश न्यूयॉर्कला. इथं माझं मनातलं पोर्टलसुद्धा गोल गोल फिरत थांबलं. मला घाम फुटला. बोट चुकली असती हो! तिथं मनातल्या खिडकीवर तो हुशार तरुण उभा, आणि मी खालमानेनं सांगतोय, नाही आली.

प्रत्यक्षात काय झालं ते नोंदीत आहे. बडोदा संस्थानाबरोबरच्या करारावर सही झाली ४ जून १९१३ रोजी. शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याची अट त्यात होती. म्हणजे अट होती, तपासणी होती, कागद होता, साक्षीदारही होते. आणि जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले होते. सहीपासून समुद्रापलीकडच्या शहरापर्यंत दोन महिनेसुद्धा लागले नाहीत. कॉम्प्युटर नव्हता, आधार नव्हतं, ओटीपी नव्हता. पैसे देणाऱ्याला फक्त हे ठाऊक होतं की बोट सुटायच्या आधी द्यायचे असतात.

तो पाथर्डीकडचा मुलगा परवा बाजारात भेटला. बी.ए. होऊन दीड वर्ष झालं. एका पतसंस्थेत चिकटलाय. मी सवयीनं विचारलं, ‘काय रे, दुसऱ्या वर्षाची आली का?’ तो हसला. म्हणाला, ‘आली, भाऊसाहेब. मागच्या महिन्यात. आबांना मोबाईल घेऊन दिला, बटणांचा. जुन्याची बॅटरी टिकत नव्हती.’ मग जाताजाता वळून म्हणाला, ‘त्या वर्षी खोलीभाड्याला कुणी दिले होते, माहितीय का? मुकादमानं. आबांच्या उचलीतून. त्यापायी आई-आबांनी पुढचा सगळा हंगाम तोडला.’

म्हणून मंत्रालयातल्या साहेबांना या निवृत्त भाऊसाहेबाची हात जोडून एक विनंती आहे. रक्कम वाढवा असं मी म्हणत नाही, ते तुमचं बजेट. दाखले कमी करा असंही म्हणत नाही, ते तुमचं समाधान. फक्त पहिला हप्ता जूनमध्ये द्या, प्रवेशाच्या दिवशी, उचल म्हणून. उरलेला तपासून द्या, हवं तर दोन वर्षं तपासा. मुकादमाला जे परवडतं, ते महाराष्ट्र शासनाला परवडावं.